‘मामेभाऊ’ लिहायला सांगणारे दामले

अन्याय झाला तो अमोल शितोळेवर. गेल्या वर्षी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ मला पाठ आहे, कारण ती त्या ईमेलवर आहे. अमोलचा जोडीदार निखिल वानखडे ज्या कंपनीत नोकरी करतो, त्या कंपनीनं निखिलला कळवलं, की परदेशातल्या बदलीसाठी तुमचा व्हिसा होईल, तुमच्या जोडीदाराचा अर्ज मात्र कंपनी मागे घेत आहे, कारण त्याच्या पुराव्यातल्या एका कागदावर खोटी माहिती आहे. ती खोटी माहिती म्हणजे एक शब्द. मामेभाऊ. आणि हा शब्द ज्यांनी सात वर्षांपूर्वी या दोघांना लिहायला सांगितला, ते मुकुंद दामले सहा आठवड्यांपूर्वी गेले. हा लेख त्यांच्यावर आहे. संपादकांनी राग जरा आवरता घ्या म्हणून सांगितलंय. घेतलाय. हा आवरलेलाच आहे.

बातमी अमोलनंच कळवली. शनिवारची दुपार होती. मी नारायण पेठेतल्या छापखान्यात समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाच्या पत्रकांचा गठ्ठा घ्यायला उभी होते, मशीन चालू होतं, नीट ऐकू येईना. “सर गेले,” तो म्हणाला. मला वाटलं, धायरीला गेले. कारण त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ते धायरीला, अमोलच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे जाणार होते. चौथ्यांदा. म्हटलं, “इतक्या लवकर कसे गेले?” पलीकडे अमोल रडायला लागला, मग मला समजलं. जेवून उठले, इस्त्रीचा शर्ट अंगात घातला, बटणं लावता लावता पलंगावर बसले, ते बसलेच. हृदयविकार. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

वैकुंठ स्मशानभूमीत कंपनीची चार माणसं आली होती. मोठा हार घेऊन. त्यातला एक जण हळू आवाजात म्हणाला, “फार को-ऑपरेटिव्ह होते हो.” मी गप्प बसले, ही माझ्या आयुष्यातली मोजून दुसरी की तिसरी वेळ असेल. अमोल खांबाला टेकून उभा होता, डोळे सुजलेले. दामल्यांच्या कुणा नातेवाइकानं आपुलकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, “तुम्ही त्यांचे कोण?” आणि अमोल पटकन म्हणाला, “भाचा.” डोळ्याची पापणीही न हलवता. इतक्या वर्षांची सवय. घरमालकाला, दवाखान्यात, गॅस एजन्सीत, कुणी नातं विचारलं की तोंडातून आपोआप एक नातं बाहेर पडतं. मग त्याचं त्यालाच कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्या गृहस्थांना म्हणाला, “नाही... मी त्यांचा कुणी नाही. त्यांनी माझं एक काम हातात घेतलं होतं.”

ते काम काय, हे सांगायचं तर दामले काय करत होते ते सांगायला हवं. हिंजवडीतल्या त्या कंपनीत ते ‘मोबिलिटी’ नावाच्या टेबलावर बसायचे. म्हणजे कर्मचाऱ्यांच्या बदल्या. नागपूरचा माणूस पुण्यात आणायचा, पुण्याचा परदेशी पाठवायचा, त्याचा व्हिसा, त्याचं घर, त्याच्या बायकोचा व्हिसा, पोरांच्या शाळा. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. वकिलाला घाबरून नव्हे. दामल्यांनीच एकदा सांगितलं होतं, “नाव लिहू नका. नाव लिहिलंत की वाचणारे म्हणतात, बरं झालं, आमची नाही ती.”

आमची ओळख भांडणातून झाली. कंपनीनं कॅन्टीनमध्ये भलंमोठं इंद्रधनुष्य टांगलं होतं, सेल्फी काढायला चौकट ठेवली होती, सातरंगी केक कापला होता. आम्ही तिघीजणी गेटबाहेर पत्रकं वाटत उभ्या होतो. ‘इंद्रधनुष्य लावलंत, व्हिसाचं काय?’ असा मथळा होता. माझाच. अर्ध्या बाह्यांचा चौकड्यांचा शर्ट, खिशात पेन्सिल, असे एक गृहस्थ स्कूटरवरून आले, पत्रक घेतलं आणि आत गेले. तासाभरानं बाहेर येऊन तेच पत्रक त्यांनी माझ्या हातात दिलं. पेन्सिलीनं खुणा केलेल्या.

“तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय आणि एका ठिकाणी माहिती. ऱ्हस्व-दीर्घाचं चालेल.”

मी तडकले. म्हटलं, “काका, तुम्ही कंपनीच्या बाजूचे का?”

“काका म्हणू नका. मी तुमचा काका नाही. उगाच नाती लावायची सवय वाईट. आणि माहिती कुठली चुकली ते आधी बघा, मग बाजू ठरवा.”

माहिती खरंच चुकली होती. आम्ही लिहिलं होतं की लग्नाचा दाखला नसल्यामुळे आपल्याकडच्या समलिंगी जोडप्यांना कुठल्याच देशात जोडीदार म्हणून जाता येत नाही. दामले म्हणाले, जाता येतं. काही देश लग्नाचा दाखला मागत नाहीत, दोन-दोन वर्षं एका घरात जोडपं म्हणून राहिल्याचा पुरावा मागतात. तो नियम पुस्तकात पडून आहे, फक्त तो वापरायचा असतो हे तुमच्या लोकांना कुणी सांगत नाही आणि आमच्या लोकांना सांगायचं नसतं. तो वापरून त्यांनी काही जोड्या पाठवल्या होत्या. बोटांवर मोजण्याइतक्या, पण पाठवल्या होत्या. साहेबांना न विचारता, कारण विचारलं असतं तर समिती नेमली असती. एक जोडी दोघींची होती, त्यांच्याबरोबर त्यांचा कुत्राही जाणार होता. कुत्र्याची कागदपत्रं आठवड्याभरात झाली, दुसरीची व्हायला दहा महिने लागले. मी म्हटलं, असं कसं? तर म्हणाले, “कुत्र्याला नातं विचारत नाहीत.”

त्यांची कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. जोडपं पहिल्यांदा भेटायला आलं की ते प्रेमाबिमाचं काही विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, “घरात गाद्या किती?” पोरं गडबडायची. “दोन,” म्हणायची. “एक वापरता आणि दुसरी कुणी आलं-गेलं तर पसरून ठेवता. बरोबर? ती गुंडाळून माळ्यावर टाका. ज्यांच्यापासून लपवत होतात त्यांच्यासाठी ती ठीक होती. आता दाखवायचंय.” मग ते बाकरवडीचा नाहीतर मिठाईचा रिकामा डबा पुढे सरकवायचे. यात कागद टाकत जा. गॅसची पावती, दोघांच्या नावाचं कुरियर, दवाखान्याच्या फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी कुणाला कळवावे’ तिथलं नाव, कुणी दोघांना मिळून लग्नाची पत्रिका दिली असेल तर तिचं पाकीट. एका मुलानं लाजत लाजत पत्रं आणली होती, वर्षानुवर्षं जपलेली. दामल्यांनी ती न वाचता परत दिली. “ही घरी ठेवा. प्रेमाला पुरावा लागत नाही, सहवासाला लागतो. दुधाचं कार्ड आणा.”

हे सगळं मला तेव्हा विनोदी वाटायचं. आता वाटत नाही. ज्या माणसांनी जन्मभर पुरावे नष्ट करण्याचं शिक्षण घेतलंय, त्यांना एका दिवशी अचानक पुरावे मागायचे! घराच्या करारावर दुसऱ्याचं नाव घालायचं नाही, फोटोत लांब उभं राहायचं, पत्ता वेगवेगळा द्यायचा, पाहुणे येणार म्हटलं की न्हाणीतला एक टूथब्रश लपवायचा, हे सगळं ज्यांनी जिवाच्या भीतीनं केलं, त्यांनाच विचारायचं की तुम्ही एकत्र राहत होतात कशावरून? कायद्यानं आम्हाला गुन्हेगार म्हणणं थांबवलं, ठीक आहे. पण मग आम्हाला काय म्हणायचं ते ठरवायचं मात्र राहूनच गेलं. आणि तो रिकामा रकाना कुणी तरी भरायचा म्हणून भरतं. बहीण. मैत्रीण. रूम पार्टनर. मामेभाऊ.

सात वर्षांपूर्वी निखिलची नागपूरहून पुण्याला बदली झाली. तो मूळचा वर्ध्याचा. अमोल लोणी काळभोरचा, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करतो. दोघांना एकत्र राहायचं होतं आणि घर शोधून देणं हे दामल्यांचं काम होतं. धायरीला एक चांगला फ्लॅट होता, पण सोसायटीची अट, बॅचलर नकोत, फॅमिली चालेल. पोलीस चौकीत द्यायच्या भाडेकरूंच्या फॉर्मवर ‘एकमेकांशी नाते’ असा रकाना होता. दोघं पोरं दामल्यांसमोर माना खाली घालून बसली होती. दामल्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, “सोसायटीला कुटुंब हवंय ना? देऊ या कुटुंब. भाऊ लिहा.” निखिलनं ‘चुलतभाऊ’ लिहायला पेन टेकवलं, तर त्यांनी थांबवलं. “चुलत नको. आडनावं वेगळी आहेत. मामेभाऊ लिहा.”

असा हा माणूस. खोटंसुद्धा नीट तपासून लिहिणारा. अंदाजपंचे लिहिलं असतं तर कदाचित पुढे कुणी त्याला चूक म्हणून सोडून दिलं असतं. त्यांनी ते इतकं बिनचूक करून ठेवलं की ते खरं वाटलं.

मागच्या वर्षी निखिलला परदेशातली जागा मिळाली तेव्हा दोघं पुन्हा त्यांच्याकडे गेले. कुठला देश ते सांगत नाही, निखिल तिथं आज नोकरी करतोय. “सर, एक सांगायचं होतं. आम्ही नुसते मित्र नाही.” दामले म्हणाले, “ते मला पहिल्या महिन्यातच कळलं. नुसते मित्र एकमेकांचं इतकं ऐकत नाहीत.” आणि डबा पुढे सरकवला. डबा भरला. सगळं होतं, फक्त जुना कागद नव्हता. दोघांच्या नावाचं बँकेचं खातं अलीकडचं, करारावर अमोलचं नाव अलीकडे घातलेलं. दोन वर्षांच्या पलीकडे जाणारा, दोघांची नावं आणि एकच पत्ता असलेला, शिक्का मारलेला एकच कागद घरात होता... पोलीस चौकीत दिलेल्या त्या फॉर्मची पोच. दोघांनी आनंदानं ती डब्यात टाकली. सहा वर्षांचा पुरावा! दामल्यांनी तारीख पाहिली, पत्ता पाहिला, शिक्का पाहिला. रकाना पाहिला नाही. त्यांच्या लेखी तो रकाना कधी खरा नव्हताच, म्हणून तो त्यांना दिसलाच नाही. भाषांतरकाराला मात्र दिसला. त्यानं इमानेइतबारे त्याचं इंग्रजी केलं, आणि कंपनीच्या वकिलांच्या टेबलावर कागद आला तो असा, की हे दोघे एकमेकांचे नातेवाईक आहेत आणि जोडपं म्हणून अर्ज करतायत.

ईमेल आली त्याच दिवशी दुपारी दामल्यांना वर साहेबांकडे बोलावलं. साठीनंतर त्यांना मुदतवाढीवर ठेवलं होतं, त्यामुळे बोलणं गोड होतं. एवढंच लिहून द्या, की कर्मचाऱ्यानं ही गोष्ट तुमच्यापासून लपवली. मग तुमचं टेबल राहील, पुढच्या जोडप्यांचं काम राहील, सगळं राहील. दामल्यांनी कागद मागितला, खिशातली पेन्सिल परत ठेवून पेन मागितलं आणि लिहिलं. त्याची प्रत माझ्याकडे आहे. ‘मामेभाऊ हा शब्द या दोघांना मी सुचवला. सोसायटी अविवाहितांना घर देत नव्हती. खोटेपणा माझा आहे. बाकीचे सर्व कागद खरे आहेत.’ चार वाक्यं. मला वाटलं होतं, हे वाचून कुणाला तरी लाज वाटेल. कंपनी म्हणाली, म्हणजे आमच्याच माणसानं जाणूनबुजून खोटा कागद करवला! आठवड्याच्या आत दामले घरी बसले, आणि जोडीदारांची कामं ‘आढावा होईपर्यंत’ थांबवण्यात आली. आढावा अजून चालू आहे. कॅन्टीनमधलं इंद्रधनुष्यही अजून आहे, धूळ पुसतात म्हणे.

निखिल नोकरी सोडायला निघाला होता. अमोलनं सोडू दिली नाही. एक जण तरी तिकडे असला तर दुसऱ्याला बोलावता येईल, हा त्याचा हिशेब. दिवाळीच्या आधी निखिल गेला. अमोल धायरीच्या फ्लॅटमध्ये राहिला, आणि माळ्यावरची दुसरी गादी खाली आली नाही. ती आता कुणासाठी पसरायची?

त्या दिवसांत मी दामल्यांच्या कर्वेनगरच्या घरी गेले होते. सांत्वन करायला गेले आणि जिन्यातच भांडले. ते स्वतःवरच चिडले होते आणि मला ते पुरेसं वाटेना. म्हटलं, “तुम्ही मोर्च्याला कधी आला नाहीत. तुम्हाला नेहमी वाट काढायची असते. तुमच्यासारख्या चांगल्या माणसांनीच आम्हाला भाऊ-बहीण करून ठेवलंय. वाईट माणसं निदान हाकलून तरी देतात!” मी हे बोलले. आज ते गेले म्हणून मी ते शब्द गिळणार नाही, कारण ते खरे होते. दामले कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, “खरंय. तेवढं पत्रकात लिहा.” मी लिहिलं नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. म्हणजे मीही तेच केलं. चांगलेपणापायी एक खरी गोष्ट लिहायची टाळली. आज लिहिते आहे, वाचायला ते नाहीत.

भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. अमोलनं नेमलेले वकील म्हणाले होते, पुन्हा अर्ज करता येईल. त्या खोट्या शब्दाचा खुलासा द्यायचा आणि सोबत अशा लोकांची लेखी पत्रं जोडायची, ज्यांनी या दोघांना इतकी वर्षं जोडपं म्हणून राहताना पाहिलंय. नाव, पत्ता, फोन, सही. तिकडचा अधिकारी फोन करून खात्री करून घेऊ शकतो. निदान पाच पत्रं हवीत. दामले म्हणाले, “पाच? अहो, अख्खी सोसायटी आहे.” आणि स्कूटर काढली.

पहिलं पत्र त्यांनी स्वतःचं लिहिलं. दुसरं त्यांच्या पत्नीनं, वृंदाताईंनी. त्यांना दामले म्हणाले होते, सात वर्षं ओळखते म्हणून लिही. त्या म्हणाल्या, “मी त्यांच्याकडे एकदाच गेलेय, पुरणपोळी खायला. तेच लिहीन. आधीच एक खोटं पुष्कळ झालं तुमचं.” तिसरं अमोलच्या लॅबमधल्या बाईंचं. आणि मग धायरीची सोसायटी. तिथं जे घडलं ते दामले मला येऊन सांगायचे, नकला करून सांगायचे.

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई. त्यांच्या सासऱ्यांचं रक्त काढायला अमोल सकाळी उठून त्यांच्या घरी जायचा. त्यांनी पोहे केले, चहा केला. “आम्हाला माहीत होतंच हो! पहिल्यापासून माहीत होतं. पण माहीत आहे असं लिहून कसं द्यायचं?” वरच्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ. “मुलं हिऱ्यासारखी आहेत. पण उद्या आमच्या नातीच्या लग्नात कुणी हा कागद काढला तर?” आणि सेक्रेटरी. पहिल्यांदा घरात नव्हते, दुसऱ्यांदा घरात होते पण झोपले होते, तिसऱ्यांदा भेटले. “दामलेसाहेब, लेखी कशाला? कुणीही येऊन तोंडी विचारू दे, मी छातीठोक सांगतो.”

“तोंडी कुणी विचारायला येणार नाही हो, ते लोक परदेशात बसलेत.”

“मग विचार करून सांगतो. शनिवारी पाचला या.”

तोच हा शनिवार.

म्हणजे गंमत बघा. मामेभाऊ हा शब्द खोटा आहे हे इमारतीत एकालाही नवीन नव्हतं. फॉर्म भरला त्या वर्षीच्या दिवाळीतच सगळ्यांना कळलं होतं. फराळाची ताटं एकत्र येत-जात होती, गणपतीच्या आरतीला दोघं शेजारी उभे राहत होते, कुणी वाईट शब्द काढला नाही. पुण्यात कुणी काढत नाही. आपण सुसंस्कृत लोक आहोत. आपण सगळं जाणतो आणि काही लिहून देत नाही.

दामले गेल्यावर दहाव्या दिवशी अमोल लोणी काळभोरला घरी गेला आणि सांगून टाकलं. घरी निखिलला सगळे रूम पार्टनर म्हणूनच ओळखत. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं, फॉर्मसकट. वडिलांनी ओट्यावर बसून सगळं ऐकलं. मग म्हणाले, “मामेभाऊ लिवलं? अरं, तुज्या मामाला तर दोन पोरीच हायत!” अमोलला हसू आलं आणि रडूही. मग वडिलांनी विचारलं, “आन् तो दामले मास्तर, ज्यानं लिवाय लावलं, त्यो काय म्हनतो?” अमोल म्हणाला, “ते वारले, दादा. माझ्यासाठी सह्या गोळा करता करता.” वडील आत निघून गेले. सही अजून दिलेली नाही. पण ह्या लेखात नाव छापायचं का म्हणून मी विचारलं, तेव्हा अमोलनं होय म्हणून लिहून दिलं, निखिलनंही ईमेल केली. “दादांना सांगून झालंय. आता कुणापासून लपवू?” असं अमोल म्हणाला. लिहून देणं काय असतं ते त्याला आता पुरतं कळलंय.

गेल्या आठवड्यात वृंदाताईंनी मला बोलावून डबा दिला. बाकरवडीचा, झाकणावर पेन्सिलीनं लिहिलेलं, ‘अमोल-निखिल. अपुरं.’ आत दुधाची कार्डं, कुरियरच्या पावत्या, एका लग्नपत्रिकेचं पाकीट, आणि सगळ्यात वर दामल्यांचं स्वतःचं पत्र. खाली त्यांची सही, पत्ता, फोन नंबर. कंपनीच्या हाराचं काय झालं म्हणून मी उगाच विचारलं. “कुंडीत टाकला. गुलाबाला खत होईल. एवढा तरी उपयोग,” त्या म्हणाल्या. नवऱ्याचा गुण बायकोला लागला होता, की बायकोचा नवऱ्याला, कुणास ठाऊक.

मग मला खिडकीपाशी दामल्यांचा फोन दिसला. चार्जिंगला लावलेला. मी पाहत्येय हे त्यांनी पाहिलं. “रोज लावते. पत्रात हा नंबर आहे ना. ते फोन करून खात्री करतात म्हणे. आला फोन, आणि बंद लागला, तर म्हणतील हेही खोटंच होतं.”

“आणि आला तर काय सांगाल?”

“सांगीन, ते गेले. पण लिहिलंय ते खरं आहे.”

त्या फोनवर आजवर दोनच फोन आले आहेत. एक बँकेचा, एक चुकून. वकील स्पष्टच म्हणाले, गेलेल्या माणसाच्या सहीला वजन नाही, प्रश्न विचारायला तो नसतो. म्हणजे पाच हवी होती, तीन होती, आता दोन उरली. अर्ज करायची मुदत या महिन्याअखेरीस संपते. त्यानंतर अमोलला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, आणि सुरुवात करायला तर दोघांनी पुन्हा दोन वर्षं एका घरात राहायला हवं. एक इथं आणि एक तिथं असताना ते कसं राहायचं, हे मला कुणी सांगावं.

म्हणून धायरीच्या त्या इमारतीत राहणाऱ्यांनो, आज हे पान तुमच्या घरी आलंच असेल. चहाचा कप खाली ठेवा, एक कोरा कागद घ्या. ‘मी या दोघांना ओळखतो. मी यांना इतकी वर्षं एका घरात, जोडपं म्हणून राहताना पाहिलं आहे. हे मामेभाऊ नाहीत, हे मला माहीत होतं.’ खाली नाव लिहा, फोन नंबर लिहा, सही करा. तीन पत्रं हवी आहेत. सेक्रेटरीसाहेब, तुमचं पहिलं, तुम्ही शनिवारी पाचची वेळ दिली होती. कागद माझ्याकडे पाठवू नका. अमोलचं दार कुठलं ते तुम्हाला माहीत आहे, त्याच्या दाराखालून आत सरकवा. आणि तुम्ही, जे त्या इमारतीत राहत नाही आणि म्हणून आत्ता सुटल्यासारखे बसला आहात, तुमच्या मजल्यावर, तुमच्या ऑफिसात, तुमच्या घरातही असे कुणी तरी ‘भाऊ’ आणि कुणी तरी ‘मैत्रिणी’ आहेत. तुम्हाला पहिल्यापासून माहीत आहे. त्यांच्याकडे जा, आणि त्यांनी मागायच्या आत लिहून द्या.